चहाच्या बिया पेरणीपर्यंत जिवंत ठेवायच्या असतील तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुमच्याकडे चहाच्या ताज्या बिया आल्या आहेत आणि पेरणीला अजून तीन-चार महिने आहेत. त्यातल्या अर्ध्या तुम्ही भाजीपाल्याच्या बियाण्यासारख्या सावलीत वाळवल्या, सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद बरणीत भरल्या आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवली. त्याला आठ-दहा दिवस झाले. उरलेल्या अर्ध्या कापडी पिशवीत आहेत, त्यातल्या काहींवर हिरवट बुरशी दिसली म्हणून त्याही वाळवून बरणीत टाकाव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

टाकू नका. बरणीतल्यासुद्धा आजच बाहेर काढा. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो, पण आधी कारण समजून घ्या. कारण कळलं की उरलेले बरेच निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

टोमॅटो, मिरची, गहू, मूग यांचं बी वाळणं सोसतं आणि वाळलं की झोपी जातं. त्यातलं पाणी पाच-सहा टक्क्यांवर आणून थंडीत ठेवलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. बियाण्यांच्या पेढ्या उणे १८ अंशांवर चालतात त्या याच जोरावर. चहाच्या बीला ही झोप येतच नाही. फळ तडकून बी खाली पडतं तेव्हा त्याच्या वजनात साधारण ४० ते ५० टक्के पाणी असतं, आतला गर्भ जागा असतो, श्वास चालू असतो. आंबा, फणस, कोको, रबर ही याच गोत्रातली मंडळी. बीजशास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये बियांची वाळवून टिकणाऱ्या आणि वाळवली की मरणाऱ्या अशी ढोबळ विभागणी मांडली. चहा दुसऱ्या गटात बसतो. म्हणून चहाचं बी कोरडं करून साठवता येत नाही. ओलंच ठेवायचं आणि थंडीने त्याचा वेग कमी करायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

वाळताना आत काय होतं? पेशींची पातळ आवरणं पाण्याच्या आधारावर उभी असतात. पाणी एका मर्यादेखाली गेलं की ती फाटतात, आणि नंतर बी कितीही भिजवलं तरी ती सांधत नाहीत. उलट भिजवल्यावर आतला रस बाहेर झिरपतो आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. त्यात चहाचं बी तेलकट. वाळलेल्या, मेलेल्या गराला लवकरच खवट वास सुटतो. ही मर्यादा साधारण २५ ते ३० टक्के ओलाव्याच्या आसपास येते. जात, पक्वता आणि वाळण्याचा वेग यांवर ती थोडी पुढे-मागे होते, पण ३० टक्क्यांच्या जवळ जायचंच नाही असं धरून चाललेलं बरं.

हे टक्के घरी मोजायचे कसे? साधा वजनकाटा पुरतो. ताज्या बिया १०० ग्रॅम आहेत आणि त्यात ४५ टक्के पाणी आहे असं धरू. म्हणजे ४५ ग्रॅम पाणी आणि ५५ ग्रॅम कोरडा भाग. वजन ९० ग्रॅमवर आलं तर पाणी ३५ ग्रॅम उरलं, म्हणजे ओलावा ३९ टक्के. अजून ठीक आहे. वजन ८० वर आलं तर पाणी २५ ग्रॅम, ओलावा ३१ टक्के. आता तुम्ही कड्याच्या टोकावर आहात. म्हणून माझ्याकडे नियम असा की बिया हातात आल्या त्याच दिवशी वजन करायचं, त्यातल्या मूठभर मोजून एका जाळीच्या पिशवीत घालून तिला चिठ्ठी बांधायची आणि ती बाकीच्या बियांमध्येच ठेवायची. मधूनमधून तेवढीच पिशवी काढून, वरचं पाणी पुसून तोलायची. दहा टक्के घट दिसली की पाणी शिंपडायची वेळ झाली. आकडे अगदी काटेकोर नसले तरी घसरण कुठल्या दिशेने चाललीय ते कळतं, आणि तेवढंच हवं असतं.

आता बुरशीबद्दल. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. चहाचं बी तीन कारणांनी मरतं: वाळून, गुदमरून आणि कुजून. लोक घाबरतात नेमके उलट्या क्रमाने. बुरशी डोळ्यांना दिसते, म्हणून तिची भीती वाटते. वाळणं दिसत नाही, कारण टरफल बाहेरून तसंच तपकिरी, टणक राहतं. मग बुरशीच्या भीतीने बी वाळवलं जातं. बुरशीने जेवढं बी जातं त्याहून जास्त बी या उपायाने जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. टरफलावरची हिरवट-पांढरी बुरशी बहुतेक वेळा टरफलावरच, विशेषतः त्याला चिकटून राहिलेल्या फळाच्या सालीवर वाढते. आतलं बी धडधाकट असतं. बोटांत धरून दाबा. कडक लागलं आणि वास आला नाही तर ते धुऊन घ्या. मऊ लागलं, टरफल आत दबलं किंवा कुजका वास आला तर फेकून द्या, तेही लगेच, कारण सडलेलं बी शेजारच्यांना सोबत घेऊन जातं.

धुण्यासाठी साधं घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं द्रावण करून त्यात बिया दहा मिनिटं ठेवा, मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्या. बुरशीनाशक वापरायचं असेल तर पुड्यावरच्या मात्रेतच वापरा, जास्त घालून जास्त फायदा होत नाही. तडकलेल्या किंवा मोड आलेल्या बियांना मात्र ब्लीच लावू नका, मुळाचं टोक भाजतं. एक गोष्ट मात्र धुऊनही जात नाही. फळ झाडावर असतानाच बियांतला रस शोषणारा ढेकणासारखा एक किडा चहावर येतो. त्याची सोंड टरफलातून आत जाते आणि त्या सुईएवढ्या भोकातून बुरशी थेट गरात शिरते. अशा बिया बाहेरून छान दिसतात, कापल्यावर आत काळपट डाग सापडतो. म्हणून कुठल्याही ढिगातल्या पाच-दहा बिया कापून बघितल्याशिवाय मी त्या ढिगाबद्दल बोलत नाही.

तर, साठवायची पद्धत. सर्वांत आधी निवड. बिया पाण्यात टाका आणि चोवीस तास राहू द्या. गर भरलेला असेल तर टरफलाच्या आत हवेला जागा नसते आणि बी बुडतं. गर आक्रसलेला किंवा पोचट असेल तर पोकळीत हवा राहते आणि बी तरंगतं. लगेच बुडालेल्या पहिल्या प्रतीच्या, दिवसभरात बुडालेल्या दुसऱ्या प्रतीच्या, चोवीस तासांनंतरही वर असलेल्या बाजूला काढायच्या. पण ही परीक्षा ताज्या बियांची आहे हे विसरू नका. थोडं सुकलेलं पण जिवंत बी सुरुवातीला तरंगतंच, कारण त्याचा गर टरफलापासून सुटलेला असतो. अशा बियांना अठ्ठेचाळीस तास द्या आणि पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपतो आणि जागं बी पाण्यातही गुदमरतं.

मग त्या कशात ठेवायच्या? स्वच्छ धुतलेली बारीक वाळू, कोळशाची भरड पूड, कोकोपीट किंवा शेवाळ, यांपैकी काहीही चालतं. पूर्वी दूरवर बी पाठवताना ओलसर कोळशाच्या पुडीत भरून पाठवत. कोळसा ओल धरतो, कुजत नाही आणि सुटासुटा राहतो. मी वाळू आणि कोळसा अर्धा-अर्धा घेतो, पण त्यात शास्त्रापेक्षा सवयीचा भाग जास्त आहे. महत्त्वाचं आहे ते पाणी किती असावं. शेतकऱ्याला सांगायचं तर वाफशावरची माती. मूठ वळली पाहिजे, मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे. बोटांच्या फटीतून पाणी आलं तर ते जास्त झालं. पसरून थोडा वारा लागू द्या. गोळाच होत नसेल तर कमी. एक भाग बिया आणि दोन भाग हे मिश्रण, बिया एकमेकींना टेकणार नाहीत अशा थरांत घाला. एक सडली तरी तिच्या शेजारणीपर्यंत ओल्या वाळूची भिंत राहते.

पिशवी साध्या पातळ पॉलिथिनची. हिचा गुण असा की ती पाण्याची वाफ बऱ्यापैकी अडवते, पण हवा थोडी-थोडी आरपार जाऊ देते. जाड बरणी, घट्ट झाकणाचा डबा, व्हॅक्यूम पॅकिंग, यांपैकी काहीही नको. पिशवी अर्धी-पाऊण भरा, वर हवा राहू द्या, तोंड दोऱ्याने सैलसर बांधा. आठ-दहा दिवसांनी एकदा उघडून हलवा आणि आधी वास घ्या. ओल्या मातीचा वास आला तर सगळं ठीक. आंबूस, दारूसारखा वास आला तर बिया गुदमरत आहेत. पसरा, वारा द्या, मिश्रण कमी ओलं करून पुन्हा भरा. हा वास मला बुरशीपेक्षा जास्त घाबरवतो.

फ्रिजमध्ये तापमान ४ ते ६ अंश असलेलं चांगलं. भाजीचा खालचा कप्पा योग्य, मागच्या भिंतीला टेकून ठेवू नका, तिथे कधीकधी गोठतं. बी एकदा गोठलं की संपलं, कारण आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात. डीप फ्रीझरचा तर विचारच नको. उणे १८ अंशांवर टिकतं ते कोरडं बी, ओलं नाही. आणि बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमधली हवा फार कोरडी असते, त्यामुळे पिशवीचं तोंड उघडं ठेवलं तर आपण टाळतोय तेच होतं.

किती दिवस? इथे मी एक आकडा देणार नाही, कारण तो परिस्थितीवर अवलंबून आहे. साध्या खोलीत, कापडी पिशवीत ठेवलेल्या बियांची उगवण काही आठवड्यांतच कोसळते. ओलसर मिश्रणात, थंडीत ठेवल्या तर चार-सहा महिने बऱ्यापैकी हाती लागतात. त्याहून लांबवता येतं, पण प्रत्येक महिन्याला उगवण थोडी घटते आणि थंडीतही काही बियांना मोड फुटतात. चिनी जातीची लहान बी थंडी चांगली सोसते. आसामी जातीची मोठी बी उष्ण प्रदेशातली. तिला मी फ्रिजमधल्या जरा उबदार कप्प्यात ठेवतो आणि शक्य तेवढ्या लवकर पेरून मोकळा होतो. बी झाडाखालून कधी वेचली हेही विचारा. चहाचं फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागतं, इतकं की झाडावर नवी फुलं उमलत असतानाच मागच्या वर्षीची फळं तडकत असतात. पडलेलं बी दोन-तीन दिवसांत वेचलं तर उत्तम. जमिनीवर ऊन खात आठवडाभर पडलेलं बी तुमच्याकडे येईपर्यंतच अर्धं गेलेलं असतं आणि मग दोष साठवणीला लागतो.

वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर घरी ते होत नाही. संशोधन संस्था बियांतला फक्त गर्भ वेगळा काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांवर ठेवतात, किंवा सरळ झाडंच जपतात. आणि एखाद्या खास झाडाचे गुण जपायचे असतील तर बीच्या मागे लागू नका. चहात परागीकरण परस्पर होतं, बीपासूनचं रोप आईसारखं निघेलच असं नाही. त्यासाठी छाटकलम घ्या.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. मुळात साठवायचंच कशाला? माझ्या मते चहाच्या बियांची सर्वांत चांगली साठवण म्हणजे पेरणी. हे नवं नाही. १८४८ ते १८५१ च्या सुमारास रॉबर्ट फॉर्च्युन हा स्कॉटिश वनस्पतीसंग्राहक ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहा हिंदुस्थानात पाठवत होता. बिया सैल कापडी पिशव्यांत भरून पाहिल्या, कोरड्या मातीत मिसळून पेट्यांत घालून पाहिल्या. फारसं काही हाती लागलं नाही. शेवटी त्याने वॉर्डियन केस नावाच्या काचेच्या पेट्यांमध्ये तुतीच्या रोपांच्या ओळींमधल्या ओल्या मातीत बिया पेरूनच टाकल्या. कलकत्त्याला पेट्या उघडल्या तेव्हा बिया वाटेतच उगवलेल्या होत्या. तुमच्याकडेही तीन-चार महिने थांबायचं कारण फक्त थंडी किंवा जागेची अडचण असेल, तर पिशव्यांत पेरा आणि पिशव्या आडोशाला, गोठणार नाही अशा ठिकाणी ठेवा. थंडीत कोंब वर येणार नाही, पण बी ओल्या मातीत सुखात राहील, मूळ आपलं काम सावकाश करेल आणि ऊब आली की रोप वर येईल.

थोडक्यात तुमच्या दोन ढिगांचं असं करा. कापडी पिशवीतल्या बिया धुवा, चोवीस तास पाण्यात तपासा; निम्म्या आत्ता पेरा, निम्म्या ओलसर मिश्रणात फ्रिजला ठेवा. बरणीतल्या बियांमधून सिलिका जेल काढा आणि पाच-सहा बिया कानाशी धरून हलवा. खुळखुळत असतील तर गर आक्रसलाय. मग त्या कापा. गर मलईसारखा पांढरट, भरीव आणि नखाने दाबल्यावर किंचित ओलसर असेल तर आशा आहे. पिवळट, रबरासारखा, तेलकट पारदर्शक किंवा तपकिरी झाला असेल तर ते बी गेलं. सहातल्या दोन-तीन जरी चांगल्या निघाल्या तर बाकीच्या अठ्ठेचाळीस तास भिजवून सगळ्या पेरा. त्या पुन्हा साठवायच्या भानगडीत पडू नका. एकदा सुकून ओली झालेली बी दुसऱ्यांदा वाट बघत नाही. आठ-दहा दिवसांत सिलिका जेलने किती पाणी ओढलं हे जेलच्या प्रमाणावर आणि आधी किती वाळवलं त्यावर ठरतं, म्हणून कापून बघण्याला पर्याय नाही.

पेरण्याआधी बिया तडकवून घेतल्या तर उगवण एकसारखी येते. ओल्या गोणपाटावर बियांचा एकच थर पसरा, वर दुसरं ओलं गोणपाट टाका, कोवळ्या उन्हाच्या उबेला ठेवा आणि गोणपाट सुकू देऊ नका. काही दिवसांत टरफलाला चीर पडू लागते. एक-दोन दिवसांआड बघून चिरलेल्या तेवढ्या उचला आणि पेरा, बाकीच्या झाकून ठेवा. साठवणीतल्या पिशवीत मोड फुटलेल्या बिया सापडल्या तर त्यांनाही हाच न्याय: त्याच दिवशी मातीत. मूळ सेंटिमीटरभर आहे तोवर हाताळता येतं. लांबलं की टोक मोडतं आणि सोटमूळ दुभंगतं.

पेरायची ती दोन-अडीच सेंटिमीटर खोल, डोळा (बी फळाला चिकटलेली होती ती खूण) बाजूला येईल अशी आडवी. पिशवी किंवा कुंडी उथळ नको. पंचवीसेक सेंटिमीटर खोली हवी, कारण पानं दिसण्याच्या कितीतरी आधी मूळ तळाशी पोचलेलं असतं. माती आम्ल, सामू (pH) ४.५ ते ५.५ च्या दरम्यान. चुना, राख यांपैकी काही नको. वर सावली आणि मातीत तोच वाफसा.

मग धीर धरावा लागेल. चहाच्या बीची दोन दलं जमिनीतच राहतात, वर येतो तो फक्त कोंब, आणि तोही मुळाच्या बराच मागाहून. ऊब असेल तर चार ते आठ आठवडे, थंडीत त्याहून जास्त. तीन महिन्यांनीही काही दिसलं नाही तर कुंडी रिकामी करू नका. एक बी हलक्या हाताने उकरून बघा. टरफल कडक असेल किंवा खाली मूळ सुटलेलं असेल तर माती तशीच परत दाबून थांबा. दाबल्यावर बोटांत चिखल आला तरच ती कुंडी दुसऱ्या कामाला घ्या.